काकाने ओढलेली रेघ

दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक आमच्या पाड्यावर यायचा. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि माणसं अशी सगळी एकावर एक चढायची आणि बारडोलीच्या बाजूला ऊस तोडायला निघायची. तिथे उसाच्या पाचटाची खोपी हेच घर. बाप तोडायचा, आई मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. बहीण धाकट्या भावाला सांभाळायची, म्हणून तिची शाळा गेली. ती माझ्याहून हुशार होती. ती आज शिकलेली असती तर हे तिने लिहिलं असतं आणि माझ्यापेक्षा बरं लिहिलं असतं.

मला मात्र मागे ठेवलं होतं. खालच्या पाड्यात एक बाई एकटी राहायची, तिच्याकडे. ती आमच्या नात्यातली नव्हती. नवरा लवकर गेलेला, मूल झालं नाही. सगळे तिला डोकरी म्हणत, म्हणजे म्हातारी. तेव्हा ती म्हातारी नव्हती, तरी म्हणत. मी चुलीतला कोळसा घेऊन तिच्या भिंतीवर चित्रं काढायचो. भिंत भरली की ती शेणाने सारवून टाकायची आणि म्हणायची, "घे, झाली कोरी. पण या वेळी माणसांना पाय काढ रे, मागच्या वेळी सगळे हवेत होते."

पुढे आश्रमशाळेत घातलं. संध्याकाळी फाटकाला कुलूप लागायचं आणि सकाळी उघडायचं. अधल्यामधल्या वेळात कॉमिक्स. ती आणायची वाट अशी, की खांडबाऱ्याच्या स्टेशनाबाहेर भजीवाला रद्दीच्या कागदात भजी द्यायचा आणि त्या रद्दीत हिंदी, गुजराती कॉमिक्सची पानं असायची. बाजाराला जाऊन येणारा कोणीही भेटला की मी भजी नको, कागद दे म्हणायचो. पानं तेलकट, आणि नेहमी मधलीच. पहिलं पान नाही, शेवटचं नाही. खुनी कोण, हे मला एकाही गोष्टीत कळलं नाही. मी तो स्वतःच ठरवायचो आणि वहीच्या मागच्या बाजूला काढायचो.

त्यामुळे अशा पुस्तकांबद्दल माझी मतं आहेत, आणि ती कोणी विचारलं नाही तरी मी सांगतो. उडणाऱ्या वीरांचं मला कधी पटलं नाही. एवढी ताकद असून हा माणूस कधी काही वाहून नेताना दिसत नाही. आमच्याकडे असा कोणी निघाला तर मुकादम त्याला पहिल्याच दिवशी उसाच्या गाडीला जुंपेल. भुताच्या गोष्टी मला आवडतात, पण भुताला काहीतरी म्हणणं हवं. नुसतं दात काढून उभं राहणारं भूत म्हणजे बिनकामाचा पाहुणा. आणि रहस्यकथा. तिचं सगळं बळ शेवटच्या पानावर एक माणूस उभा करण्यात आहे. तो उभा राहिला की वाचणारा सुटतो. तो माणूस सुटत नाही, पण पुस्तक तोवर मिटलेलं असतं.

नंदुरबारला कॉलेजात गेलो तेव्हा घरातला पहिला. मराठी घेतलं, जी माझ्या घरात कोणी बोलत नाही. आमची बोली वेगळी, नंदुरबारच्या पोरांची अहिराणी वेगळी, आणि पेपरातली मराठी या दोन्हींपासून लांब. माझ्या खोलीतला दोस्त तापीकाठचा, घरी केळी आणि मिरची. तो माझ्या वहीत डोकवायचा.

"हाई काय शे भो?"

"भूत."

"भूत? हाऊ ते मन्हा मामा शे!"

आणि मग तो आख्ख्या होस्टेलला ते दाखवत फिरायचा. मी त्याच्या मामाला कधी पाहिलंही नव्हतं.

आमचे एक सर भला माणूस, पण वर्गात म्हणाले की चित्रकथा म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांचं वाचन. मी उभा राहिलो. म्हणालो, "सर, मग माझ्या घरात जाणारं पहिलं पुस्तक तेच असणार." पोरं हसली. सरही हसले, पण नंतर पुन्हा ते वाक्य बोलले नाहीत.

होस्टेलातच तो खेळ सुरू झाला. समोरच्याने कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढायची आणि मी तिच्यातून चित्र काढायचं. कोणतीही रेघ. आधी काही ठरवायचं नाही, हात जातो तिकडे जायचं. एकाने नुसता ठिपका दिला, त्याला मी प्राचार्यांच्या नाकावरचा तीळ केलं. बी.ए. होऊन गावी परतलो तेव्हा हा खेळ मी खांडबाऱ्याच्या आठवडे बाजारात बसून करू लागलो. पोल्ट्रीतून येणाऱ्या अंड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून घ्यायचे आणि एक काळा मार्कर. लोक विचारायचे, "हे तुला सुचतं कसं?" मी ऐटीत सांगायचो, "मला कुठे सुचतं? हात आपोआप चालतो."

दुसरं कामच नव्हतं. भरतीचे फॉर्म भरायचे, परीक्षा द्यायची, निकाल लागायचा नाही किंवा लागायचा आणि त्यात मी नसायचो. बाप रोज सकाळी विचारायचा, "आज काही आलं?" शेतात गेलो तर लोक म्हणत, शिकून काय मिळवलं? घरी बसलो तर म्हणत, शिकला म्हणून बसला. पाड्यातून बाहेर जायला एकच रस्ता आणि त्या रस्त्यावरच्या प्रत्येक ओट्यावर हा प्रश्न बसलेला. मी बाजाराच्या दिवसाची वाट पाहायचो. तिथे निदान कोणी मला साहेब कधी होणार म्हणून विचारत नव्हतं.

त्या वर्षी माझ्या चुलत काकाची मुलगी वारली. लहान होती. अंग दुखायचं, सांधे सुजायचे, डोळे पिवळे व्हायचे. बरी व्हायची, पुन्हा पडायची. ती गेल्यावर पावसाळ्यानंतर तिच्या धाकट्या भावाला तेच सुरू झालं. काका भगताकडे गेला. भगताने दाणे टाकून पाहिले आणि सांगितलं की हे कोणीतरी करतंय, बाई आहे, खालच्या अंगाला राहते. नाव सांगितलं नाही. नाव तुमचं तुम्ही शोधा म्हणाला.

डाकीण म्हणजे काय ते आमच्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. जी नजरेने किंवा मंत्राने माणसं खाते असं लोक मानतात, ती. एकदा एका बाईचं नाव घेतलं गेलं की तिला मारतात, गावातून काढतात, कधी त्याहून वाईट. कायदा आहे. पण कायदा नवापूरहून गाडीत बसून येतो, आणि नाव ओट्यावरून ओट्यावर जातं.

खालच्या अंगाला एकटी राहणारी बाई एकच होती.

काकाने मला दुपारी घरी बोलावलं. मला वाटलं पोराला बघायला. आत गेलो तर बाप्ये माणसं भिंतीला टेकून बसलेली, पोरगा कोपऱ्यात गोधडीत, आणि काकू चुलीशी. मी बसलो तसा मागून कोणीतरी खाट ओढून दारात आडवी टाकली आणि त्यावर बसला. समोर एक मोठा पुठ्ठा सपाट करून ठेवला होता. माझ्याच खोक्यांतला. काकाने कोळसा उचलला आणि त्यावर एक रेघ ओढली. वरून खाली, मग आत वळलेली.

"काढ," तो म्हणाला आणि कोळसा माझ्या हातात दिला.

"काय काढू?"

"तोंड. तिचं."

आमच्या बोलीत बापालाही तू म्हणतात. मी म्हणालो, "काका, तो खेळ आहे. बाजारातला. तुला माहीत आहे."

"खेळ? तूच सांगतोस ना, हात आपोआप चालतो? मग चालू दे. आम्ही काही सांगत नाही. भगताचे दाणे तसा तुझा हात."

"मी भगत नाही. मी बी.ए. आहे."

"म्हणूनच," खाटेवरचा म्हणाला. "शिकलेल्या हातावर सरकारही विश्वास ठेवतं."

कोणी हसलं नाही.

मला पहिल्यांदा सगळं नीट दिसलं. नाव त्यांच्याकडे होतंच. त्यांना फक्त कोणाचा तरी हात हवा होता. मी कोणत्याही बाईचं तोंड काढलं असतं तरी त्यात डोकरी सापडली असती. होस्टेलात माझ्या भुतात दोस्ताला मामा सापडला होता, तशी. नाही काढलं असतं तर म्हणाले असते, हा तिच्याकडे वाढलाय, तिला लपवतो. मांजर काढली असती तर तिच्याकडे मांजर होती. कोंबडी काढली असती तर तिच्या कोंबड्या होत्या. झाड काढलं असतं तरी तिच्या दारात चिंच होती. त्या रेघेतून मी कुठेही निघालो तरी वाट तिच्याच दाराशी जात होती. घामाने कोळसा बोटाला चिकटला.

पोरगा कोपऱ्यात कण्हला. मी विचारलं, "याला आधी कुठे दुखलं?"

"ते कशाला?" काका म्हणाला.

"सुरुवात माहीत नसेल तर हात चालत नाही."

हे मी तिथल्या तिथे बनवलं. आणि काकाची रेघ घेऊन तिची चौकोनाची एक बाजू केली. बाकी तीन बाजू ओढल्या. चौकोनात गोधडी काढली आणि गोधडीत मुलगी.

"हे काय?"

"गोष्टीचं पहिलं घर, हा चौकोन. आता सांग, मुलीला पहिल्यांदा दुखलं तेव्हा काय झालं?"

त्याने सांगितलं. मी काढत गेलो. पुठ्ठ्यावर चौकोनाला चौकोन लागत गेला. मुलगी खांद्यावर, काका बैलगाडीत. खाटेवरचा म्हातारा पुढे वाकला.

"गाडी माझी होती. मी हाकली होती. मला कुठे काढलंय?"

"हा काय."

"हा? माझं नाक असं आहे?"

"त्याहून मोठं आहे," भिंतीपासून कोणी म्हणालं.

"बैल पण माझे नाहीत हे. माझ्या एका बैलाचं शिंग मोडकं आहे. मोड ते."

मी शिंग मोडलं. मग दुसऱ्याला आठवलं की त्या दिवशी नवापूरची बस निघून गेली होती. तिसरा म्हणाला, नाही, बस मिळाली, पैसे मीच काढले, मला बसमध्ये काढ. त्यावरून दोघांत वाजलं. म्हातारा खाट सोडून पुठ्ठ्याजवळ येऊन बसला, नाकाकडे लक्ष ठेवायला. दार मोकळं झालं होतं. मला उठून पळता आलं असतं. पण मी गेलो असतो तर पुठ्ठा तिथेच राहिला असता आणि शेवटचं घर त्यांनी भरलं असतं.

"दवाखान्यात काय झालं?" मी विचारलं.

चुलीकडून काकू बोलली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"रक्त तपासलं. सिकल म्हणाले. रक्तातून येतं, आईबापाकडून. आमचं दोघांचं रक्त मागितलं. पोराला पण आणा म्हणाले."

"मग?"

"मी तयार होते. हा म्हणाला, माझ्या रक्ताला काय झालंय."

मी ते पुढच्या चौकोनात काढलं. डॉक्टर, काकू आणि काका, दोघे सारख्याच उंचीचे, आणि मध्ये मुलगी. कोणाचं तोंड वाईट काढलं नाही. मग शेवटचा चौकोन ओढला आणि रिकामा ठेवला.

"यात काय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"ते अजून झालेलं नाही. पोराचं रक्त तपासल्यावर काढू."

"आणि ती?" काका म्हणाला. "ती कुठे आहे?"

"तू सांगितलेल्या गोष्टीत ती कुठेच आली नाही, काका. एकाही घरात नाही. तूच सांगितलंस, मी फक्त काढलं."

त्याने पुठ्ठा उचलून मधोमध फाडला. मला वाटलं, आता मारतो. पण तो फाडताना म्हातारा ओरडला, "अरे माझा अर्धा भाग दे!" आणि एकजण नको त्या वेळी हसला. मग लोक एकेक करून उठले. कोणाचं गुरांना पाणी राहिलं होतं, कोणाचं आणखी काही. काका भिंतीकडे तोंड करून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने काकू एकटीच पोराला घेऊन नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात गेली. मी सोबत गेलो, फॉर्म भरायला. चार दिवसांनी काकाही आला आणि रक्त तपासायला त्याने दंड पुढे केला. माझ्याशी तो वर्षभर बोलला नाही. अजूनही मोजकं बोलतो. भगत मला रस्त्यात टाळतो, किंवा मी त्याला.

रेघेचा खेळ मी बंद केला. हात आपोआप चालतो असं आता कोणाला सांगत नाही, कारण ते खरंही नाही. मी गोष्टी काढतो, चौकोनाला चौकोन लावून, भुताच्या आणि चोरीच्या, आमच्या बोलीत. परीक्षेत त्या बोलीला मार्क नव्हते, चित्रातल्या बोलण्याच्या फुग्यात ती मावते. सगळ्या प्रकारची भुतं काढतो. डाकीण काढत नाही. कोणी मागितली तर आधी त्याला बसवून सुरुवातीपासून गोष्ट सांगायला लावतो.

मी अजून साहेब झालो नाही. बाप अजून विचारतो. पाड्याचा रस्ता तोच आहे आणि ओटेही. पण माझ्या चित्रकथांचं पुस्तक छापलं गेलं, आणि आमच्या घरात आलेलं ते पहिलं पुस्तक आहे. काकाचा मुलगा गोळ्या घेतो, शाळेत जातो. आमच्या पाड्यात त्या वर्षी कोणत्याही बाईचं नाव घेतलं गेलं नाही आणि त्यानंतरही नाही. डोकरी तिच्या स्वतःच्या घरात राहते.