वायरमनमामांचे साताऱ्यातले दोन दिवस

वायरमनमामा कुठल्याही वस्तूला आधी उलट्या हाताने शिवत. दाराची कडी असो, चहाची कपबशी असो की तापाने फणफणलेल्या लेकराचं कपाळ असो, बोटांची मागची बाजू आधी लावायची, मगच तळवा. आम्हा पोरांना हसू यायचं. "हसू नका," मामा म्हणत. "तळव्यानं जित्ती तार धरली की मूठ आवळते, सुटत न्हाई. उलट्या हाताला झटका बसला तर हात मागं तरी येतो."

कुरुंद्यात त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. नात्याने ते कुणाचेच मामा नव्हते, पण गावातल्या निम्म्या पोरांचे मामाच होते. वारा सुटला की लोक पत्र्यावर दगड ठेवायला धावत आणि मामा अंगणात येऊन तारांकडे बघत उभे राहत. "तार बंद हाय असं कुनी किती बी सांगू दे, ती जित्तीच समजावी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. या वाक्यामागे एक माणूस आहे, हे मला फार उशिरा कळलं.

तो माणूस म्हणजे शेषराव. दोघे एकाच दिवशी नोकरीला लागले, एकाच सायकलवर डबलसीट फिरले. एकाने खांबावर चढायचं, दुसऱ्याने खाली थांबायचं, अशी त्यांची पाळी असे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका उन्हाळ्यात वादळाने हट्टा गावाच्या रस्त्याला तार तुटली. पाळी मामांची होती, पण त्यांची पाठ धरली होती. "तू थांब खाली, मी चढतो," शेषराव म्हणाले. लाईन बंद केल्याचा निरोप आला होता. ती पुन्हा कुणी आणि कशी सुरू केली, हे कधीच कळलं नाही. शेषराव वाचले, पण दोन्ही हात कोपरापासून काढावे लागले. पुढे त्यांच्या मुलाला साताऱ्याकडे पवनचक्क्यांवर काम लागलं आणि शेषराव बायकोला, गयाबाईंना, घेऊन मुलाकडे राहायला गेले. ते गाव सोडून निघाले त्या दिवशी मामा घराबाहेर पडले नाहीत.

ते गेले त्याला नऊ वर्षं होत आली होती. मला साताऱ्यातल्या एका शाळेत मुलाखतीला बोलावणं आलं. एकट्या पोरीला एवढ्या लांब कसं धाडायचं, म्हणून आईला घोर लागला होता. मामा दारात येऊन म्हणाले, "मी जातो पोरीसंगं. तिथं माझा दोस्त हाय." नऊ वर्षांत मामा एकदाही तिकडे गेले नव्हते, हे आईला ठाऊक होतं.

सातारा म्हणजे चढ आणि वारा. आमच्या सपाट मुलखातल्या माणसाला दहा पावलांवर धाप लागावी असे रस्ते, आणि वारा असा की ओढणी दोन्ही हातांनी धरावी लागे. "तारा लई झुलून राहिल्या हितं," मामा वर बघत म्हणाले. शेषरावांचं घर किल्ल्याच्या पायथ्याला होतं. ते जवळ आलं तसे मामा हळू चालू लागले. हातात कुरुंद्याच्या हळदीची पिशवी होती, ती या हातातून त्या हातात करत राहिले.

शेषराव ओट्यावरच बसले होते. शर्टाच्या रिकाम्या बाह्या वाऱ्याने फडफडत होत्या. ते मोठ्याने हसले, "आलास व्हय? नऊ वर्सं लागली रे तुला कुरुंद्याहून यायला!" मामांनी हळदीची पिशवी गयाबाईंच्या हातात दिली आणि खाली बघत "प्रवासात तकलीफ झाली थोडी" असं काहीतरी पुटपुटले. त्या दिवशी गयाबाई नवऱ्याला घास भरवू लागल्या तेव्हा मामा पाणी प्यायचं निमित्त करून उठले. त्यांचं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी मुलाखत देऊन आले. नोकरी मिळणार नाही, हे मला तिथेच कळलं होतं. दुपारी जेवायला बसलो. शेषराव बायकोला म्हणाले, "तू सरक जरा. आज हा भरवील."

मामांनी भाकरी मोडली. पिठल्यात बुडवली. घास तोंडापाशी नेताना पिठलं शेषरावांच्या शर्टावर सांडलं.

"त्या दिशी माझी पाळी व्हती," मामा म्हणाले.

"मला ठाऊक न्हाई व्हय? मीच म्हनलो ना, मी चढतो."

"तरी बी..."

"राग मला त्याचा न्हाई आला कधी." शेषराव म्हणाले. "हात गेले ते गेले. पर दोस्त काहून गेला, ते सांग."

मामांनी डोळे पुसून दुसरा घास केला. शेषरावांनी तो खाल्ला. एका ताटातली भाकरी दोघांनी संपवली. गयाबाई चुलीकडे तोंड करून बसून होत्या.

त्यानंतर दर रविवारी मामा बाजारपेठेतल्या फोनवरून साताऱ्याला फोन लावत, आणि तारेवाचूनही थेट साताऱ्याला ऐकू जावं अशा आवाजात बोलत. निवृत्त झाल्यावर महिनाभर तिकडे राहायचं ठरलं होतं. निवृत्तीला चार महिने उरले असताना एका सकाळी अंगणात दात घासता घासता ते कोसळले. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

साताऱ्याला फोन मीच केला. "आमी निघालो," एवढंच शेषराव बोलले. लोक घाई करू लागले, पण मामी अडून बसल्या, "ते येईस्तोवर न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी जीप अंगणात थांबली. अपघातानंतर गाव सोडलेले शेषराव पहिल्यांदाच कुरुंद्यात उतरत होते.

विहारातून आलेल्या माणसांनी वंदना म्हटली. तिरडी उचलायची वेळ झाली तसे शेषराव पुढे आले. कुणीतरी हळूच म्हणालं, "दादा, तुमी राहू द्या. तुमाला कसं जमंल?"

"खांदाच द्यायचा हाय ना?" शेषराव म्हणाले. "तो हाय मला."

ते वाकले आणि बांबूखाली खांदा लावला. बांबू निसटू नये म्हणून माझ्या भावाने तो बाजूने धरला. गयाबाई मागून नवऱ्याच्या पाठीला हात लावून चालल्या. वाटेत दोनदा माणसं खांदा बदलायला पुढे आली. शेषरावांनी मानेनेच नको म्हटलं आणि स्मशानापर्यंत खांदा काढला नाही.