हौसाच्या डब्याचे डोळे

पेणजवळच्या जोह्याची हौसा आयुष्यभर गणपतीचे डोळे काढत आली. मूर्ती घडवणारे वेगळे, रंगवणारे वेगळे, आणि सगळ्यात शेवटी आखणीला, म्हणजे डोळे काढायला, हौसा. तोवर कारखान्यातली पोरं त्याच मूर्तीला टेकून वडापाव खायची. हौसाचा ब्रश फिरला की गुमान चपला बाहेर काढायची. म्हणजे माती कधी देव होते ते या बाईच्या हातात होतं, आणि तिला त्याचा पत्ताच नाय. तिला वाटायचं आपण रंगकाम करतो.

तिची लेक किमया. लग्न ठरलं कोलाडला. पोरगा नितेश, एकदम सरळ. त्याची आई अनिता, ती पण वाईट नाय. पण आवाज! घरात चहा मागितला तर हायवेवरचा टेम्पोवाला ब्रेक मारायचा. आणि किमया अशी, की कुणी ओरडलं की हातातलं भांडं सोडते. लहानपणापासून. हौसाला घोर लागला तो याचाच. पोरीच्या सैपाकघरात आपल्या हातचं काहीतरी असावं, रोज वापरातलं, आणि पडलं तरी न फुटणारं.

हौसाचा भाऊ हैबतराव रोह्याला लाकूड कातायचा. लाटणी, पोळपाट, पाळण्याचे खूर, जे काय गोल ते त्याच्या लेथवर. त्यानं भाचीसाठी फणसाच्या खोडातनं हा एवढा डबा कातला. पोट गरगरीत, झाकण घट्ट, वर छोटा कळस.

"दादा, कळस कशाला रं?"

"मग झाकण काय शेंडीला धरून उचलशील?"

नक्षी हौसाची. तळा गावाच्या बाजूला कातळात कोरलेली जुनी लेणी हायत. बायकांच्या ट्रिपला गेलेली तेव्हा तिनं तिथल्या हत्तीचा फोटो मोबाईलमध्ये काढलेला, समोरून, सोंड खाली सोडलेला. तोच तिनं सोल्डरच्या कांडीनं डब्यावर डागला. तापलेलं टोक लाकडाला टेकवायचं, हळूहळू ओढायचं, धूर डोळ्यात गेला तरी हात हलवायचा नाय. डागलेली रेघ रंगासारखी पुसता येत नाय. कान झाले, सोंड झाली. डोळ्यांपाशी आली तर फोटोतल्या हत्तीला डोळेच नव्हते. इतक्या वर्षांत घासून गेलेले.

बिनडोळ्याचं तोंड बघून हौसा थांबणार थोडीच? हात आपोआप गेला. लांब, शांत, पेणच्या गणपतीचे डोळे.

आता बघा. पोट गरगरीत, डोक्यावर कळस, सोंड, आणि वर हे डोळे. जोह्यात कुणाला काय वाटलं नाय, तिथं घरोघर तेच बसलेलं असतं. हौसानं डबा सुक्या मासळीनं, सुकटीनं गच्च भरला, कारण सुकटीशिवाय किमयाला घास जात नाय. आणि लग्न लागल्यावर पाठवला लेकीबरोबर.

कोलाडला अनितानं वरचं फडकं काढलं आणि दोन पावलं मागे गेली.

"नितेश! चपला काढ! भादव्याला अजून वेळ हाय रं, आणि देव आजच आला!"

किमयाच्या हातातली ताटली गेली.

डबा पाटावर बसला. समई लागली. शेजारच्या बाया पाया पडून गेल्या. झाकणाला हात लावायची कुणाची टाप नव्हती, कारण ते आता झाकण नव्हतं, मुकुट होता. दुपारपासनं घरात एक वास फिरायला लागला. गल्लीतली मांजरं पाटासमोर येऊन बसली.

"मांजरांना पण भक्ती कळते," अनिता म्हणाली.

तिच्या घरात गणपती दीड दिवसाचा. रीत ती रीत. दुसऱ्या दिवशी किमयानं मोरीत जाऊन फोन लावला. "आई, तुझा डबा बुडवायला नेतायत."

"अगो, सांग ना, डबा हाय तो!"

"आत सुकट हाय ते पण सांगू?"

"नको गो बाय! मारतील दोघींना! थांब, येते मी."

हौसा मिळेल त्या गाडीला लटकून कोलाडला पोचली, तोवर नितेश कुंडलिका नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभा. तो डबा खाली दाबायचा, डबा टुणकन वर. बुडणार कसा? फणसाचं लाकूड, त्यात हैबतरावाचं झाकण, थेंब आत जाईल तर शपथ. त्यात धरणाचं पाणी सुटलेलं. चौथ्या दाबाला डबा त्याच्या बगलेतनं निसटला आणि चालला. होडीतल्या पर्यटकांनी त्याला बघून हात जोडले.

हौसा काठावर उभी राहून रडायलाच लागली. "पोरीचा डबा गेला माझ्या!"

"गेला नाय मावशी, चाललाय," नितेश म्हणाला. "बसा गाडीवर."

नदीच्या कडेकडेनं दोघं रोह्याला आली. घाटावर ही गर्दी. देव स्वतः पोहत आला म्हणून लोकांनी हार घातलेला, देवळाची जागा कुठली यावर दोन गट पडलेले. मधोमध हैबतराव ओरडत होता, "अरे डबा हाय तो! माझ्या लेथवर कातलाय मी!"

"देवाला डबा बोलतो! लाज हाय काय?"

हैबतरावानं पुढचं बोलणं सोडलं, डबा काखेत धरला आणि झाकण पिळलं.

वास सुटला. गर्दी दोन्ही बाजूंनी मागे सरली. मग एका म्हाताऱ्यानं नाक वर करून विचारलं, "सुकट जवळ्याची काय?"

मागनं रिक्षातनं अनिता उतरली. काय झालं ते सगळं तिच्या नाकानंच तिला सांगितलं. पण ती ओरडली नाय. घाबरलीच होती बिचारी. "विहीणबाय, एकदा काय ते सांगा. हा देव हाय का डबा? देव असेल तर मी ठेवून घ्यायची नाय, माझ्याच्यानं एवढं सोवळं होत नाय."

सगळे हौसाकडं बघायला लागले. हौसानं डब्याकडं बघितलं. कारखान्यातल्या त्या चपला तिला आता आठवल्या. आयुष्यभर आपण काय करत होतो ते बाईला त्या घाटावर कळलं.

"डोळे उघडे हायत तोवर देव," ती म्हणाली. "मिटले की डबा."

"कोण म्हणतं?"

"मी काढते ना डोळे. मला इचारा."

हैबतरावाच्या दुकानासमोरच्या मोबाईलवाल्याकडनं सोल्डरची कांडी आणली. हौसानं इतके डोळे उघडले, मिटला एक पण नव्हता. तिनं मनात माफी मागितली, टोक टेकवलं, आणि उघड्या डोळ्यांवर पापण्या ओढल्या. जाड, खाली झुकलेल्या. हत्ती असा झोपला की हैबतरावाला जांभई आली.

अनितानं वाकून बघितलं. मग एकदम हळू, कुणी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाली, "झोपला गो."

डबा कोलाडला परत गेला, सैपाकघरात, चुलीपासनं लांबच्या फळीवर. परत सुकट भरली. झोपलेल्याला वास येत नाय, हे अनितानंच ठरवलं. पण जागा झाला तर परत देव होईल, परत सोवळं आलं, म्हणून त्या घरात आता सगळे कुजबुजतात. चहा पण कुजबुजून मागतात. टेम्पोवाले सरळ निघून जातात.

परवा किमयाच्या हातनं डब्याचं झाकण सटकलं. दणकन आवाज झाला. सासू-सून दोघी जागच्या जागी थिजल्या आणि श्वास रोखून हत्तीच्या पापण्यांकडं बघत राहिल्या.

नाय उठला.

"उचल," अनिता कुजबुजली. "फुटलं नाय ना?"