गोटीराम भोये आणि जवळचा समुद्र

गोटीराम भोयेला नोकरी लागली ती बायको असल्यामुळे. पेठ तालुक्यातल्या त्याच्या पाड्यावर बायका सगळ्यांनाच होत्या, पण भात कापून झालं की जोड्याजोड्यांनी माणसं दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला निघून जात. २००३ सालच्या दिवाळीत त्याच्या बायकोचा, कुसाबाईचा पाय मुरगळला म्हणून गोटीराम मागे राहिला, आणि नाशिकच्या इंदिरानगरातून आलेल्या मनोज कापडणीसांना पाड्यावर तोच एक धडधाकट गडी सापडला.

"लग्न झालंय?" मनोजशेठनं विचारलं.

"झालंय की. नातू हाय."

"मग जमलं. आपल्याकडे फक्त कपल."

मनोजशेठ गोव्याला जाऊन आले होते आणि तिथली समुद्रकाठची कॉटेजं बघून त्यांचं डोकं फिरलं होतं. समुद्रकाठची जागा आवाक्यातली नव्हती, पाड्यामागचं टेकाड होतं. तिथं त्यांनी गुलाबी भिंतींची, लाल कौलांची एक खोली उठवली. पडवीत दोघांपुरता झोपाळा टांगला, पलंगावर बदामाच्या आकाराच्या उशा मांडल्या, राखण-स्वयंपाकाला गोटीराम-कुसाबाईला ठेवलं आणि खाली डांबरी रस्त्याला पाटी लावली: 'सागरिका. जोडप्यांसाठी निवांत मुक्काम. समुद्राजवळ.'

पाटी गोटीरामनं दिवसभरात तीनदा वाचली. संध्याकाळी न राहवून म्हणाला, "शेठ, पण इथं समुद्र नाय."

"नाशिकपेक्षा इथून जवळ आहे की नाही?"

"ते हाय."

"मग? किती जवळ ते आपण कुठं लिहिलंय? कुणी विचारलंच, तर पश्चिमेला हात करायचा. बोलायचं काही नाही."

गोटीरामला हे पटलं. समुद्र त्यानं जन्मात बघितला नव्हता, त्यामुळे त्याविषयी बोलण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतंच. हात मात्र त्याला झकास करता येत होता.

पहिलं जोडपं आलं ते नांदगावहून. मयूर आणि पल्लवी, नव्या लग्नाची. मयूरनं पेठच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या टायरची ट्यूब गच्च हवा भरून आणली होती, समुद्रात तरंगायला. सकाळी चहा पिऊन दोघं तयार होऊन पडवीत आली.

"काका, समुद्र कुठंय?" मयूरनं विचारलं.

गोटीरामनं पश्चिमेला हात केला. हात इतका ठाम होता की मयूरनं पुढचं काही विचारलंच नाही. ट्यूब खांद्यात अडकवून तो पल्लवीसह टेकाड उतरला.

दोघं परतली ती ऊन कलल्यावर, एका बैलगाडीतून. पुढच्या पाड्यावर त्यांनी समुद्र विचारला तर तिथल्या माणसांनीही पश्चिमेला हात केला होता. त्याच्या पुढच्या पाड्यावरही तेच. पल्लवीच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि ट्यूबवर बैलगाडीवाल्याचं लहान पोर झोपलं होतं.

"काका, खरं सांगा," पल्लवी म्हणाली, "तुम्ही कधी समुद्र बघितलाय?"

"नाय."

"मग हात कशाला केला?"

"शेठनं सांगितलं."

पल्लवी मटकन झोपाळ्यावर बसली आणि रडायला लागली. चुलीपाशी भाकरी थापणारी कुसाबाई पिठाच्या हातानंच बाहेर आली. पाटी लागल्यापासून नवरा हात पश्चिमेला करकरून कसली कसरत करतोय, हे तिला आत्ता कळलं.

"लोकाची पोर रडवली तुमी," ती गोटीरामला म्हणाली. "दाखवला म्हणता ना समुद्र? आता न्या तिला तिथं."

"मला कुठं ठावं हाय?"

"सहादूला ठावं असंल. त्याची जीप हाय."

सहादूची जीप पेठ आणि धरमपूरच्या मधे माणसं वाहायची. त्याला सांगितलं, की ही दोघं पाव्हणी आहेत, त्यांनी सबंध जीप केली आहे. सहादूनं मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी बसली, तरी तो काही जीप चालू करेना.

"काय रे, कुणाची वाट बघतो?" गोटीरामनं विचारलं.

"भरू दे ना."

"अरे, त्यांनी सगळी केलीय!"

"केली असंल. पन रिकामी जीप चढाला वढत नाय."

हे बोलणं पाड्यावर ऐकू गेलं. समुद्र बघायला जीप चालली आहे आणि तीत जागा आहे, एवढं कळताच म्हातारी शकुबाई कोंबडी बगलेत मारून येऊन बसली. कोंबडी कशाला, असं मयूरनं विचारलं तर म्हणाली, घरी एकटी कशी ठेवू? पाठोपाठ तिची सून आली, सुनेचा भाऊ आला, टपावर आणखी पाच पोरं चढली. मयूर एका टोकाला, पल्लवी दुसऱ्या टोकाला, मधे शकुबाई आणि ट्यूब. अशा रीतीनं त्या दोघांचा मधुचंद्र हद्द ओलांडून गुजरातेत उतरला.

धरमपूर गेलं, वलसाड गेलं. सुरूची झाडं लागली, भेळेच्या गाड्या लागल्या. सहादूनं जीप थांबवून सांगितलं, "आला."

सगळे उतरून बघायला लागले. समोर काळा, ओला चिखल पसरला होता, नजर पोचेल तिथवर. पाण्याचा पत्ता नव्हता.

एकदा हात केला तर समुद्र निघाला नाही, आता प्रत्यक्ष आणलं तरी निघाला नाही! मान खाली घालून गोटीराम भेळवाल्याकडे गेला.

"भाऊ, समुद्र कुठं हाय?"

"गेला," भेळवाला कांदा चिरता चिरता म्हणाला. "ओहोटी आहे. येईल चारपर्यंत."

शकुबाईनं हे ऐकलं आणि एसटीची वाट बघावी तशी पदर अंथरून खाली बसली. बाकीचेही बसले. कुसाबाई मात्र बसली नाही. चिखलात तिला भोकं दिसली होती. शेताच्या बांधावरचे खेकडे धरण्यात तिचा हात पाड्यावर कुणी धरत नसे. दुखरा पाय विसरून, लुगडं खोचून ती आत शिरली. थोड्या वेळानं तिच्यामागे पल्लवी, आणि पल्लवीमागे ट्यूब घेतलेला मयूर. दोघंही कोपरापर्यंत चिखलात हात घालून ओरडत होती, हसत होती.

मग समुद्र आला. आधी एक चकाकती रेघ दिसली, मग तिचा आवाज आला, आणि बघता बघता पाणी घोट्यांना लागलं. शकुबाईनं कोंबडी डोक्यावर धरली. गोटीराम दचकून मागे सरला. कुसाबाईनं त्याचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चार माणसांत तिनं त्याचा हात कधी धरला नव्हता.

"लय मोठा हाय वो," ती म्हणाली.

"हाय," गोटीराम म्हणाला. हात त्यानं सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या सकाळी मनोजशेठ पहिल्या पाहुण्यांची विचारपूस करायला आले. पडवीत मयूर-पल्लवी खेकड्याच्या रश्श्यात नागलीची भाकरी बुडवून खात बसली होती.

"कसं वाटलं?" शेठनं विचारलं.

"समुद्र फार आवडला," पल्लवी म्हणाली.

शेठ दचकले. "कुठला समुद्र?"

"तुमचाच."

शेठनं गोटीरामकडे बघितलं. गोटीराम उगाच झोपाळ्याची कडी तपासायला लागला.

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला गोटीराम चहा देतानाच सांगून टाकायचा, की समुद्र तीन तासांवर आहे, तोही कधी कधी घरी नसतो, आणि जीपमधे कोंबडी असेल. रागावून परत गेलेले थोडेच. 'सागरिका' चार पावसाळे चालली. पाचव्यात मनोजशेठचं मन हुरड्याच्या पार्ट्यांकडे वळलं आणि ते टेकाड सोडून निफाडकडे गेले.

कुसाबाईनं जीप सोडली नाही. किनाऱ्यावरच्या कोळणींशी तिची चांगली गट्टी जमली होती. त्यांच्याकडून बोंबील आणि सुकट आणून ती पेठच्या बाजारात विकायला बसू लागली. गोटीराम तिच्या टोपल्या उचलतो आणि शेजारी बसून गिऱ्हाईकाला ओहोटी म्हणजे काय ते समजावून सांगतो, सुकट घेतली नाही तरी.