कौसाबाईच्या मास्कवरचा हात

भुताखेताचं कुणी सांगायला लागलं की मी तोंडावर हसायचे. चौदा वर्षं आयसीयूत नर्स आहे, माणसं जाताना रोज बघते... गेलेलं कुणी परत आलेलं कधी पाहिलं नाही. तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही.

राहायला मी मुकुंदवाडीत. हॉस्पिटलचं नाव देत नाही, शहरातलंच आहे. गेल्या उन्हाळ्यातली, दुपारी साडेतीनची गोष्ट. सिल्लोडकडच्या एका खेड्यातून दत्ता नावाचा माणूस त्याच्या सत्तरीच्या आईला, कौसाबाईला, घेऊन आला. हृदय थकलेलं, फुप्फुसांत पाणी भरलेलं. आडवं होता येईना, तोंडातून गुलाबी फेस, ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी बायपॅप लावायला सांगितलं — नाकातोंडावर घट्ट मास्क बसवायचा, मशीन हवा आत ढकलतं, घशात नळी घालायची वेळ टळते.

म्हातारी माझ्यावरच उठली. मास्क उपटून फेकला, माझं मनगट ओरबाडलं.

"काढ हे, भवाने! जीव घ्यायलीस का माझा?"

"आजी, यानंच दम कमी होईल. थोडा धीर धरा."

"तुझ्या मायला लाव!"

खरं सांगते, मलाही तिचा संताप आला होता. त्यात तोंडात एक दात नाही, गाल आत गेलेले. पट्टे कितीही आवळले तरी कडेनं हवा फुसफुसत सुटायची आणि मशीन ओरडत राहायचं. डॉक्टर म्हणाले, "पंधरा मिनिटं बघू. नाहीतर नळी." तेवढ्यात शेजारच्या बेडवरचा पेशंट अचानक गळाठला, मी तिकडे धावले.

मागे मशीनचं ओरडणं एकदम थांबलं.

वळून पाहिलं. म्हातारीचे हात मास्कवर नव्हतेच... मास्कच्या वीतभर पुढं, हवेत, कुणाचं तरी मनगट धरून मागं ढकलावं तसे झटत होते. आकडा मात्र चढत होता — चौऱ्याऐंशी, नव्वद, पंच्याण्णव. म्हटलं, बसला एकदाचा मास्क!

तासाभरानं तोंड ओलं करायला मास्क काढला. एका गालावर चार बोटांचे लाल वळ, दुसऱ्यावर अंगठ्याचा.

नेमका तेव्हाच दत्ता आत आला.

"माझ्या मायला दाबायलीस व्हय गं?" त्यानं आयसीयू डोक्यावर घेतलं. पोलिसात जातो म्हणाला. माझी नोकरी गेलीच, असं मी धरून चालले. शेवटी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं.

त्यात मी शेजारच्या बेडपाशी, म्हातारीकडे पाठ करून. तिच्याजवळ कुणीच नाही. आणि तरी तिचं डोकं उशीत खोल, अजून खोल दबत गेलं... मास्कच्या दोन्ही बाजूंचे गाल आत गेले.

दत्ता उठून तडक आईजवळ गेला, मी मागोमाग.

"माय, कोण हुतं?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "पुष्पी. म्हणली, आत्या, लई सोप्यात सुटायलीस. मी नाय जाऊ देत."

पुष्पा म्हणजे दत्ताची पहिली बायको; सासूला ती आत्या म्हणायची. भिंतीला टेकून तोच सांगत होता — बाळंतपणानंतर तिला असाच दम लागला, दोन दिवस बसून श्वास ओढत होती. "माय म्हणली, नाटकं करायली. अन् मी बी गाडी काढली नाय, सिस्टर." तिसऱ्या दिवशी ती गेली.

तक्रार झाली नाही. सहाव्या दिवशी कौसाबाई स्वतःच्या पायानं घरी गेली.

डॉक्टर म्हणतात, वळ पट्ट्यांचे, आणि मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की माणसाला काहीही दिसतं, काहीही ऐकू येतं. रेकॉर्डिंगचा विषय काढला की ते राउंडला निघून जातात. मीही स्वतःला तेच समजावून पाहिलं — ऑक्सिजन कमी होता, दुसरं काही नाही.

पण ती पुष्पाचं नाव घेत होती तेव्हा सवयीनं माझी नजर मॉनिटरवर गेली होती... शहाण्णव होता.