काकूंच्या काठीवरचा अँटेना

आमच्या चाळीत इंटरनेटची वायर येत नव्हती, कारण चाळ पडणार होती. ती माझ्या लग्नाच्या आधीपासून पडणार आहे. मी गिरगावात सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघर दाखवताना सांगितलं होतं, की ओटा आता टॉवरमध्ये गेल्यावरच नवा करू. माझ्या केसांना मेंदी लागायला लागली, ओटा तोच आहे. वायरवाला यायचा, जिन्याकडे बघायचा आणि रिडेव्हलपमेंट कधी आहे म्हणून विचारायचा. आम्ही सवयीनं "होईलच आता" म्हणायचो आणि तो आल्या पावली परत जायचा.

मग उरला सिमकार्डावर चालणारा राउटर. नवऱ्यानं तो आणला आणि सासूबाईंनी लगेच त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. कुणाचा धक्का लागू नये म्हणून लोखंडी कपाट आणि स्टीलच्या डब्यांची मांडणी यांच्या बेचक्यात ठेवला. एवढ्या लोखंडातून वाट काढून नेट यायचं ते उपकार केल्यासारखं. माझ्या नवऱ्यानं राउटर हलवला की संध्याकाळपर्यंत तो रुमालासकट पुन्हा बेचक्यात. "दाराशी ठेवलात तर कुणीही उचलून नेईल," हे त्यांचं म्हणणं. सिग्नल मात्र कुणी उचलून नेला तरी त्यांना चालत होतं.

एरवी आम्ही हे चालवून घेतलं असतं. पण तिकडे कॅनडात माझ्या नणंदेला मुलगी झाली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, डॉक्टरांनीही आशा सोडल्यावर झालेली. सासूबाईंच्या व्हिसाचं काही जमलं नाही, त्यांच्या गुडघ्यांचंही नाही. त्यांनी ते फार मनाला लावून घेतलं नाही असं त्या दाखवत. फक्त एक गोष्ट त्यांनी ठरवून टाकली होती: बारशाला पाळणा त्या म्हणणार. तिथे लेकीच्या घरी पाळणा हलणार आणि इथून गिरगावातून आजी गाणार.

त्यात गंमत म्हणजे रोजचा व्हिडिओ कॉलसुद्धा धड होत नव्हता. बाळाचं नाक दिसायचं, एक डोळा दिसायचा आणि चित्र थिजायचं. सासूबाईंना ते कळायचं नाही. जांभईत अडकलेल्या नातीला त्या कौतुकानं बघत राहायच्या, "किती शांत आहे गं," म्हणायच्या, आणि लेकीला डिंकाच्या लाडवाचं प्रमाण सांगत सुटायच्या. लाडू वळून होईपर्यंत तिकडे कुणी नसायचं. मी एकदा सुचवलं, की आपण पाळणा रेकॉर्ड करून पाठवू, त्या लावतील. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आमटीत साखरेऐवजी साबण घातला असावा.

"पाळणा म्हणायचा असतो," त्या म्हणाल्या, "लावायचा नसतो."

त्यांचा अधिकारही होता तसा. चाळीतल्या दोन पिढ्यांची बारशी त्यांनी गायली होती. पण एकटीनं नव्हे. पाळण्याच्या अलीकडे आमच्या सासूबाई आणि पलीकडे गॅलरीच्या टोकाला राहणाऱ्या काकू, अशी ती जोडी होती. बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींकडे द्यायचं आणि आळीपाळीनं कडवी म्हणायची. आता त्या जोडीचा अबोला होता, तो माझ्या लग्नाहून थोडाच लहान.

अबोल्याचं कारण पापड. सासूबाईंनी गॅलरीत उडदाचे पापड वाळत घातले होते आणि काकूंची काठी, म्हणजे कपडे वाळत घालायचा बांबू, तेव्हाही गॅलरीच्या बाहेर डोकावत होती. काकूंच्या ओल्या लुगड्यातून पाणी वाऱ्यानं आत आलं. सासूबाईंच्या मते धार लागली होती. काकूंच्या मते एक थेंबही पडला नव्हता, पापड मुळातच सैल लाटलेले होते. पाण्याचं मिटलं असतं, पण 'सैल' हा शब्द सासूबाईंना झोंबला.

आमच्याकडचा अबोला मोठा सभ्य असतो, हे मला इथे आल्यावर कळलं. त्या दोघी एका सतरंजीवर बसून हळदीकुंकू करत. संक्रांतीला एकमेकींना तिळगूळ देत, तोही तोंडातून अक्षर न काढता. काकूंनी केलेलं पन्हं माझ्या हातात यायचं, "तुमच्या घरात दे," एवढंच म्हणून. घरात सासूबाई ते प्यायच्या आणि वेलची जास्त झाली हे मला सांगायच्या. मला, म्हणजे काकूंच्या खिडकीच्या दिशेनं.

बारसं जवळ आलं तेव्हा नवऱ्यानं अँटेना मागवला. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या निम्मा पांढरा चौकोन आणि मागे काळ्या वायरींच्या दोन शेपट्या. त्या राउटरमध्ये खोचायच्या आणि चौकोनाचं तोंड मोबाइलच्या टॉवरकडे करायचं, काम एवढंच. पण गिरगावात वाढलेल्या त्या वयाच्या पुरुषांना अँटेना म्हटलं की एकच दिशा ठाऊक असते, ती वरळीची. टीव्हीचा मनोरा तिथे होता, म्हणून लहानपणी गच्चीवर चढून सगळ्यांनी तिकडे अँटेनाच्या काड्या वळवल्या होत्या. माझ्या नवऱ्यानंही कठड्याला चौकोन बांधला, वरळीकडे तोंड केलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. नेट होतं त्याहून कमी झालं. "बसेल हळूहळू," असं सांगून तो ऑफिसला गेला.

मी दुपारी तो चौकोन सोडला. मोबाइलच्या दुकानातल्या माणसानं मला सांगितलं होतं, की जवळचा टॉवर चर्नी रोडच्या बाजूच्या एका गच्चीवर आहे. तिकडे आमच्यासमोर नवी उंच इमारत छाती काढून उभी. तिच्या आणि शेजारच्या बिल्डिंगच्या मधे आकाशाची एक चिंचोळी फट दिसते, पण आमच्या दारातून नाही. ती दिसते गॅलरीच्या टोकाहून, म्हणजे काकूंच्या दारातून. मी वायर सोडत सोडत तिकडे निघाले. सासूबाईंना आत फोन घेऊन बसवलं, स्पीडचा आकडा वाचायला.

त्यांना आकडा दिसत होता, पण त्या ओरडायला तयार नव्हत्या. पाळण्यासाठी आवाज राखून ठेवायचा म्हणून सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालल्या होत्या आणि बोलणं कुजबुजीवर आलं होतं. खाली रस्त्यावर हॉर्न. मी चौकोन हातात धरून "किती?" विचारायची आणि आतून काहीतरी पुटपुट यायची. मी चिडले. असं तिसऱ्यांदा झाल्यावर पायाशी बसलेल्या काकू, मेथी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "दोन म्हणे."

आतली पुटपुट थांबली. मग मी चौकोन थोडा फटीकडे वळवला.

"पाच म्हणे," काकू मेथीला म्हणाल्या.

त्या 'म्हणे'त अबोल्याची सगळी इभ्रत राखलेली होती. काकू सासूबाईंशी बोलत नव्हत्या, फक्त ऐकीव बातमी देत होत्या. सासूबाईही काकूंशी बोलत नव्हत्या. पण त्यांची कुजबुज आता इतकी स्पष्ट झाली होती, की गुळण्या वाया जाण्याची मला भीती वाटली. मी कठड्यावरून बाहेर वाकले तसा आकडा चढला. अजून बाहेर, अजून चढला. हात पुरेना. पुढे फक्त काकूंची काठी होती.

मी काठीकडे पाहिलं. काकूंनी मेथी बाजूला ठेवली.

"बांध," त्या मला म्हणाल्या. "बाळाचं काम आहे. पण घरात सांग, पापडांवर पाणी पडलं नव्हतं."

घर चार पावलांवर होतं आणि दार उघडं होतं. "तिला सांग," आतून आवाज आला, मिठाच्या पाण्यानं चांगला मोकळा झालेला, "पडलं होतं."

मी आधी सुतळी शोधली. काठीच्या टोकाला चौकोन सुतळीनं बांधला आणि काठी बाहेर सरकवली. काकू स्वतः उठल्या, काठी हातभर फिरवली आणि ओरडून विचारलं, "आता किती गं?"

"तेवीस," सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्यातलं एवढ्या वर्षांतलं पहिलं सरळ बोलणं हे असं झालं. पुढे काही नाही. काकू मेथी घेऊन आत गेल्या आणि त्यांच्या साड्या त्या दिवसापासून दारातल्या दोरीवर गेल्या.

बारशाच्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी पैठणी नेसली, नथ घातली, फोन देव्हाऱ्याशेजारी डब्यांना टेकवून उभा केला. तिकडे सकाळ होती. पाळणा मिळाला नाही म्हणून जावयानं कपड्यांच्या टोपलीला फुगे लावले होते. सासूबाईंना टोपली आवडली नाही, पण त्या बोलल्या नाहीत, हा त्या दिवसातला पहिला चमत्कार. दुसरा म्हणजे चित्र. काचेसारखं स्वच्छ. काकू बाहेर काठीजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या, कावळा बसून चौकोन हलू नये म्हणून. कावळ्यासाठी त्यांनीही ठेवणीतली साडी नेसली होती.

पाळणा सुरू झाला. पहिलं कडवं, दुसरं. आवाज थोडा कापत होता, पण सूर पक्का. तिसऱ्याच्या आधी नणंदेनं बाळाला फोनजवळ आणलं आणि त्यानं डोळे उघडले. इतके दिवस तुकड्या-तुकड्यांनी पाहिलेलं ते तोंड आज पहिल्यांदा सगळं दिसलं. हनुवटीवर खळी होती, माझ्या सासऱ्यांच्या होती तशी. ते जाऊन बराच काळ झाला. मला ते एकदम जाणवलं, मग सासूबाईंचं काय झालं असेल.

त्या थांबल्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. डोळे पडद्यावर खिळलेले.

"अडकलं वाटतं," तिकडून नणंद हिरमुसून म्हणाली. "आई? ऐकू येतंय का? गेलं बहुतेक नेट."

नेट एकदम ठीक होतं. मी काही सांगणार एवढ्यात बाहेरून तिसरं कडवं सुरू झालं. काकूंचा आवाज जाडसर, थोडा वर लागलेला. कडवं त्यांचंच होतं म्हणा, पलीकडच्या बाजूचं, नेहमी त्याच म्हणायच्या. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले, कडवं संपेपर्यंत दम घेतला आणि चौथं उचललं. पाचवं बाहेरून, सहावं आतून. मधे भिंत होती आणि पलीकडे कॅनडा, पण पाळणा कुठे तुटला नाही. नणंद रडत होती, जावई टोपली हलवत होता, मीही नाक ओढत होते. नाव काय ठेवलं ते त्या गडबडीत मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता अबोला सुटला. कसला सुटतोय. सकाळी काकूंकडून घुगऱ्या आल्या त्या माझ्याच हातात, "घरात दे," म्हणून. घरात त्या खाल्ल्या गेल्या आणि मीठ कमी असल्याचं खिडकीकडे तोंड करून जाहीर झालं. फक्त अँटेनाचं बोलणं तेवढं चालू राहिलं. वारा आला, कबूतर बसलं की काकू विचारायच्या किती, सासूबाई सांगायच्या. अँटेनाबद्दल बोलणं हे त्या दोघींच्या हिशेबी बोलणं नव्हतंच.

पुढे चाळ पडायचं पुन्हा लांबलं आणि कंटाळून वायरवाल्यानंच सगळ्या चाळीत वायर टाकली. नेट भिंतीतून येऊ लागलं, भरपूर. नवऱ्यानं काळ्या शेपट्या राउटरमधून उपटल्या आणि तो काठीवरचा चौकोन सोडायला निघाला, तर दोन्ही दारांतून विरोध. काकू म्हणाल्या, राहू दे, काठीला वजन राहतं. सासूबाई म्हणाल्या, नव्या वायरीचा काय भरवसा. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला आत बोलावलं आणि चहा दिला.

परवा सकाळी मी ओट्याशी उभी होते, फोनवर नणंदेनं पाठवलेले फोटो बघत. बाळ आता बसायला लागलंय. खिडकीतून काकू दिसत होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कपडे सरकवायच्या आकड्यानं अँटेनाला हळूच एक ढोसणी दिली, तो वाकडा झाला, आणि त्या खुर्चीत बसल्या.

"अगं ए, हललं बघ," त्या ओरडल्या. "किती येतंय?"

"चार," सासूबाईंनी बाहेरच्या खोलीतून सांगितलं. काकूंनी उठून काठी फिरवली. "आता?"

"थांब, बघते." थोडा वेळ गेला. "अठरा. अजून जरा चर्नी रोडकडे घे."

मी डोकावून पाहिलं. सासूबाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. घरात तेव्हा एकच फोन होता, तो माझ्या हातात.