लोटूमामा सर्व्हर सांभाळतो

माझ्या मामाला काही बिघडलं की आधी बटण बंद करायची सवय. आणि नेमकं त्यालाच मी अशा खोलीत नेऊन बसवलं, जिथे बटणाला हात लावायचा नसतो. माझंच डोकं फिरलं होतं, दुसरं काय!

मी सोनाली. सुरतेजवळच्या बमरोली, कडोदरा, कामरेज इकडच्या कारखान्यांतले कॉम्प्युटर बघते. तोंडाची फटकळ आहे. लोक सांगतातच, त्यापेक्षा मीच सांगून टाकते. मामा म्हणजे लोटू, माझ्या आईचा धाकटा भाऊ. अमळनेरकडून अठराव्या वर्षी सुरतेत आला आणि तीस वर्षं लूमच्या खात्यात मास्टर होता. खातं म्हणजे मागांचा कारखाना आणि मास्टर म्हणजे माग दुरुस्त करणारा. त्या खडखडाटात कान गेले. उजव्याने काहीच ऐकू येत नाही, डाव्याने जवळ जाऊन बोललं तर येतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी एक वर्ष मागांजवळ काढलंत तर डावाही जाईल.

पुढे ते काम सुटलंच. मग मी बमरोलीच्या एका शेठच्या हातापाया पडून मामाला त्यांच्या सर्व्हरच्या खोलीत लावलं. कापडावर डिजिटल छपाई करणारा कारखाना. खोली थंडगार, आवाज काय तो पंख्यांचा. हे काम टिकलं नाही तर पुन्हा लूमच. दुसरं त्याला येतं काय? शोभामामी तर रोज देवापुढे हात जोडून बसायची.

आता पोरांनो, सर्व्हर म्हणजे काय ते ऐकून घ्या, नाहीतर पुढे मलाच विचारत बसाल. तुमच्या फोनमध्ये, घरच्या कॉम्प्युटरमध्ये एक ऑपरेटिंग सिस्टिम असते. यंत्राकडून सगळी कामं करून घेणारी मुकादमच म्हणा. तिचा मालक एकच, तुम्ही. तुम्हाला आवडावं म्हणून ती नटूनथटून बसते. सर्व्हरवरच्या सिस्टिमला नटायला वेळ कुठला? आमच्या शेठकडे लिनक्स आहे. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, बस. पण तिच्याकडे सोळा छपाईची मशीनं आणि दहा डिझायनर एकाच वेळी काही ना काही मागत असतात. कुणाला साडीचा काठ हवा, कुणाला पदर. ती प्रत्येकाचं काम वेगळं धरते, त्याला नंबर देते आणि सगळ्यांचं थोडंथोडं करत राहते. अशा प्रत्येक नंबरवाल्या कामाला प्रोसेस म्हणतात. एखादी प्रोसेस अडकली तर तेवढीच काढून टाकता येते. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. म्हणून तर सर्व्हर महिनोन्महिने बंद न होता चालतो.

मामाला हेच पटेना. पहिल्याच आठवड्यात एका डिझायनरची फाइल अडकली. ती ओरडली, तसा मामाने उठून सर्व्हरचं बटणच दाबलं. सोळा मशीनं जागच्या जागी थांबली. कापडावर आडव्या रेघा उठल्या, तेवढं सगळं कापड वाया. मी धावत गेले आणि भरपूर तोंडसुख घेतलं. मामा आपला शांत. म्हणाला, "धागा तुटना का माग बंद करनाच पडस."

"अरे मामा, हा माग नाही! अडकलं तेवढंच काढायचं, बाकीचं चालू राहतं."

"एक पडी गया तरी बाकीनं चालूच ऱ्हास?" त्याला ते ऐकूनच कसंतरी वाटलं.

महिनाभरात पुन्हा तेच झालं. हात आपोआप जातो म्हणे! शेठ मला म्हणाले, "सोनालीबेन, तिसऱ्यांदा मशीनं थांबली तर मामांना घरी घेऊन जा." ते चुकीचं बोलत नव्हते, म्हणून जास्त झोंबलं.

मग मी मामाला बसवून शिकवलं. ‘टॉप’ टाइप केलं की चालू कामांची यादी दिसते. ज्याने सगळी ताकद खाल्ली ते सहसा वरच असतं. त्याचा नंबर बघायचा, ‘किल’ लिहायचं, पुढे नऊचा आकडा, मग तो नंबर. नऊ लावला की विषय संपला. मामाने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "नऊच का?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय? सांगते तेवढं कर." माझा स्वभाव हा असा.

मग एके दिवशी मी कडोदऱ्याला होते. दुपारी दोनला धनश्रीचा फोन आला. ही शेठकडची डिझायनर. तिचं एक मोठं नक्षीकाम सकाळपासून सर्व्हरवर चालू होतं. ते अडकलं आणि सगळा सर्व्हर मंदावला. मशीनांपर्यंत डिझाइन वेळेवर पोहोचेना. आणखी दोन मिनिटं अशी गेली असती तर मशीनं थांबलीच असती. शेठ दारात उभे राहून ओरडत होते, "अरे भाई, कंई करो ने!"

धनश्रीने फोन मामाच्या डाव्या कानाला लावला. मी किंचाळले, "मामा, बटण नको! नऊ लाव, नऊ!"

कीबोर्डची टकटक ऐकू आली, मग काहीच नाही. मी आपली "नऊ, नऊ" करते आहे. कडोदऱ्याची माणसं माझ्याकडे बघायला लागली. मिनिट गेलं. मला वाटलं, संपलं सगळं, आता मामीला काय सांगू? आणि तिकडून धनश्री ओरडली, "निघालं! ताई, निघालं! सोळाही मशीनं चालू आहेत!"

संध्याकाळी बमरोलीला पोहोचले तर धनश्री हसत होती. तिचं काम वाचलं होतं, निम्म्याहून जास्त. मी म्हटलं, हे कसं शक्य आहे? नऊ लावल्यावर काही उरत नाही. तेव्हा कळलं की मामाने नऊ लावलाच नव्हता. मी उडवून लावलेला प्रश्न त्याने सोडला नव्हता. डब्याच्या सुट्टीत धनश्रीकडून सर्व्हरमधलं मदतीचं पान वाचून घेतलं होतं. नऊ न लावता नुसतं किल लिहिलं, तर सिस्टिम त्या कामाला आधी सांगते की आवर आणि निघ. चांगला लिहिलेला प्रोग्रॅम मग हातातलं जपून ठेवतो आणि आपणहून बंद होतो. ऐकलंच नाही, तर मग नऊ. हे मला माहीत होतं हो, पण मला कुठे धीर असतो!

शेठ म्हणाले, "मामा आता इथेच राहणार." मामी घरी फोनवर रडली. मी मात्र मामावर चिडले होते.

"मशीनं थांबली असती तर? तुझं काम गेलं असतं, कान गेला असता! माझा आवाज तुला ऐकू आला नाही का?"

"ऐकू आला होता," मामा म्हणाला.

"मग?"

तो टेबल पुसत होता. पुसतच बोलला. "खात्यातून मला काढलं ना सोनाली, ते सकाळी दारातच. आत जाऊ दिलं नाही. पान्हे आत होते, डबा आत होता. एक माग मी अर्धा जोडून ठेवलेला, तो कुठवर आलाय हे दुसऱ्या मास्टरला सांगायचं होतं. म्हटलं, पाच मिनिटं द्या. नाही दिली." त्याने फडकं झटकलं. "म्हणून म्हटलं, या अडकलेल्या कामाला तरी मिनिटभर देऊन बघू."

तीस वर्षं राबून तो असा घरी आला, हे त्याने आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.