चौकटीवरची खूण

"छातीच्या उंचीवर मोजा म्हणता, पण कुणाच्या छातीच्या? तुमच्या की माझ्या?" जंगलखात्याच्या कचेरीत बाई कडाडल्या. चहा घेऊन आलेली मावशी दाराशीच थबकली. झाडांचा अभ्यास करणाऱ्या बाई ठेंगण्या, साहेब ताडमाड.

"अहो, चार बोटं इकडेतिकडे! झाड काय तक्रार करणार आहे?"

"हीच झाडं वर्षानुवर्षं मोजायचीत, साहेब. माणसं बदलतील!"

मावशीला कुठलं गप्प बसवतंय? "मग माझ्या दाराचा अडसर न्या की. तो काही उंच व्हायचा नाही."

दोघं हसले, भांडण मिटलं. अडसर बाईंच्या छातीइतका कापला, त्याचीच मोजायची काठी झाली. मावशीने त्याच्या उंचीची खूण घरच्या चौकटीवर चाकूने कोरली, आणि किटलीवरून तिची बदली थेट जंगलात झाली. काठी बुंध्याशी उभी धरायची, टोकाच्या उंचीवर फीत गुंडाळायची, आकडा सांगायचा. दोनशे झाडं, दर वर्षी. सुनांसारखी ओळखायची ती त्यांना. कोण भरलं, कोण रुसलं.

तिसाव्या वर्षी आकडे बघून नवे साहेब खूश. "उतारावरची झाडं काय फोफावलीत! निम्मी तोडू. सोमवारी सही करतो."

मावशीला घास गोड लागेना. उतारावरचा झरा आटलेला, पानं विरळ, आणि बुंधे तेवढे जाड? घरी येऊन तिने काठी चौकटीला लावली. खूण वर, काठी खाली! दगडांवर टेकून टेकून काठी चार बोटं झिजली होती. फीत दर वर्षी बुंध्याच्या जाड भागाकडे उतरत होती.

"गप्प बस," नवरा म्हणाला. "तीस वर्षांचं नाव घालवशील."

"नावाचं काय लोणचं घालू?" चपला सरकवून ती निघालीसुद्धा.

"म्हणजे चूक तुमची, मावशी?" साहेबांनी डोळे वटारले.

"माझी नाही तर काय झाडाची? उठा, फीत घ्या!"

खुणेइतकी नवी काठी कापली आणि दोन दिवस अख्खी कचेरी उतारावर पळत होती. मावशी पुढे, साहेब धापा टाकत मागे. काठी धड होती तेव्हाच्या, अगदी पहिल्या वर्षाच्या आकड्यांशी ताडून पाहिलं, तर साहेबच ओरडले, "अहो, तीस वर्षांत जेमतेम दोन बोटं! ही झाडं तर तहानलीत!"

सोमवारी सही झाली, ती तोड रद्द करायला. काठीच्या बुडाला लोखंडी टोपी बसली, आणि मोजणीआधी ती चौकटीला लावून बघायचं काम मावशीकडेच राहिलं.

गुडघे गेले तरी तिने ते सोडलं नाही. शेवटच्या खेपेलाही काठी चौकटीला लावली, एक डोळा मिटून पाहिलं, खुणेवर अंगठा फिरवला. मग काठी खांद्यावर टाकून कचेरीत गेली, दारामागे ठेवली आणि कारकुनाला दटावलं, "उचलताना बुडाकडून धर रे, टोपी हलतेय."